भिंतीच्या भेगा आणि इंजिनिअरची साक्ष

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून तुम्हाला वाटेल, ह्यांना आज काय सुचलं! विषय आहे कोर्टात साक्ष द्यायला उभा राहणारा इंजिनिअर, आणि त्याचा प्रामाणिकपणा. बचत गटाच्या बायकांना ह्याच्याशी काय करायचंय? पण विचार करा. घरकुलाचा स्लॅब गळतो, शेजारच्याच्या बोअरनं आपल्या विहिरीचं पाणी आटतं, शाळेच्या खोलीची भिंत कलते, रस्त्याच्या भरावानं पाणी अडून शेतात तुंबतं. भांडण कोर्टात गेलं की ह्या सगळ्यात एक प्रश्न येतोच. हे झालं कशामुळं? तो प्रश्न आपल्या शब्दावर सुटत नाही. तिथं जाणकार माणूस लागतो.

साक्षीदार दोन तऱ्हेचे असतात, हे आम्हालाही वकील साहेबांनी समजावल्यावर कळलं. साधा साक्षीदार जे पाहिलं, ऐकलं तेवढंच सांगतो. “दुपारी सुरुंग उडाला, मांडणीवरची भांडी खाली पडली,” एवढं आपण सांगू शकतो. “म्हणून भिंतीला तडा गेला,” हे मात्र आपण सांगायचं नाही. तो ‘म्हणून’ सांगायचा अधिकार तज्ज्ञाला. आपल्याकडं १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमात हे होतं. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्यात ते ३९ व्या कलमात आहे. तज्ज्ञाचं मत न्यायाधीशानं मानलंच पाहिजे असं नाही. मत कशावरून बनवलं हे तज्ज्ञानं सांगायचं, आणि पटतं का ते न्यायाधीशानं ठरवायचं.

ह्या ‘म्हणून’ची एक जुनी गोष्ट आहे, इंग्लंडातली. नॉरफोक परगण्यात समुद्रकाठी वेल्स नावाचं बंदर आहे. तिथल्या एका जमीनदारानं १७५८ साली खाऱ्या पाण्यापासून आपली जमीन राखायला बांध घातला. पुढं बंदर गाळानं भरू लागलं. बंदरवाले म्हणाले, ह्या बांधानंच गाळ साचतोय, बांध फोडा. जमीनदारानं आपल्या बाजूनं जॉन स्मीटन ह्या इंजिनिअरला आणलं. स्मीटन म्हणजे त्या काळातलं मोठं नाव. समुद्रात खडकावर उभं असलेलं एडिस्टनचं दीपगृह त्यानं १७५९ मध्ये पुरं केलं होतं. पाणचक्क्या आणि पवनचक्क्यांवर त्यानं स्वतः प्रयोग केले होते. त्याचं म्हणणं पडलं की गाळाला बांध कारण नाही. तेव्हा समोरच्यांनी हरकत घेतली, की हा माणूस पाहिलेलं सांगत नाही, स्वतःचं मत सांगतो, आणि मत म्हणजे पुरावा नव्हे. खालच्या कोर्टात ती हरकत मानली गेली. पण १७८२ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड ह्या न्यायाधीशांनी ठरवलं की बंदर का बुजलं हा शास्त्राचा प्रश्न आहे, आणि त्यावर स्मीटनसारख्या जाणकाराचं मत ऐकलंच पाहिजे. चक्क्यांच्या बाबतीत आपण स्वतः स्मीटनचं मत घेतलेलं आहे, असंही ते म्हणाले.

आम्हाला ह्या गोष्टीत जास्त आवडलं ते पुढचं. त्याच किनाऱ्यावर तशाच जागी असलेली दुसरी बंदरं होती. तिथं कुणी बांध घातलेला नव्हता, तरी तीही साधारण त्याच सुमाराला गाळानं भरू लागली होती. हा पुरावा देऊ द्यावा असं मॅन्सफिल्ड म्हणाले. साधी गोष्ट आहे बघा. एकीच्या डाळीला कीड लागली आणि ती म्हणाली, दुकानदारानंच जुनी दिली, तर आपण काय करतो? त्याच दुकानातून, त्याच पोत्यातली जिनं नेली तिच्या घरी जाऊन बघतो. वेगळ्या दुकानातली नेली तिच्याही घरी बघतो. शास्त्र शास्त्र म्हणतात ते पुष्कळदा एवढंच असतं, फक्त नेटानं केलेलं.

आणि स्मीटनला पैसे कोण देत होतं? जमीनदार. म्हणजे एका बाजूकडून फी घेणं ह्यात काही वाईट नाही. माणूस येतो, दोन दिवस मोडतो, त्याचं ज्ञान वापरतो, त्यानं फुकट का करावं? त्या फीनं विकत काय घेतलं, हे मात्र बघायला पाहिजे. त्याचा वेळ घेतला की त्याचं मत घेतलं? स्मीटननंतरच्या शंभर वर्षांत इंग्लंडातल्या न्यायाधीशांनीच तक्रारी सुरू केल्या, की ज्यानं पैसे दिले त्याच्या बाजूचंच तज्ज्ञ बोलतात.

आता आमच्या इकडचं सांगतो. गावाच्या उत्तरेला दगडाची खदान आहे, तिथंच खडी क्रशर. खदानीचं नाव घेत नाही, प्रकरण कोर्टात आहे. आमच्या गटांतल्या तेवीस बायकांच्या घरांना भेगा पडल्या होत्या. कुणाच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली, कुणाची जोत्यापासून वर चढलेली. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, सुरुंगानं घर फुटलं. भरपाईचा दावा करायचा ठरलं, वकील झाले, आणि इंजिनिअर शोधायची वेळ आली.

पहिले एक इंजिनिअर भेटले ते तालुक्याच्या ठिकाणी, त्यांच्या ऑफिसात. त्यांनी यादी घेतली, मोबाईलमधले फोटो बघितले आणि विचारलं, “तेवीस घरं ना? घरामागं अमुक एक द्या. आठ दिवसांत अहवाल मिळेल, सुरुंगामुळंच म्हणून लिहितो.” गावात यायचं नाव नाही. फीपैकी निम्मे आत्ता आणि भरपाई मिळाली की त्यातले काही टक्के, असंही म्हणाले. आमच्यातल्या काही जणींना हे फार पसंत पडलं. काम झटपट होतंय, साहेब आपल्या बाजूचे आहेत, आणखी काय पाहिजे? पण हिशेब ठेवणाऱ्या आमच्या एका ताईनं बाहेर आल्यावर विचारलं, “ह्यांनी भिंत बघितलीच नाही, तर समोरचा वकील विचारंल तवा हे काय सांगतील?” ती सातवी शिकलेली आहे.

टक्क्यांचं तर आणखी वाईट. निकालावर ज्याची कमाई ठरते तो साक्षीदार कसला, तो तर भागीदार झाला. वकिलालासुद्धा आपल्या देशात निकालातल्या वाट्यावर फी ठरवता येत नाही.

मग दुसरे साहेब मिळाले. सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढचं. त्यांनी आधीच अट घातली. फी ठरलेली, निकाल काही लागो. आणि अहवालात काय येईल ते आधी विचारायचं नाही. आले ते मे महिन्यात, भर उन्हात. तेवीस घरं बघितली, आणि मग म्हणाले, “आता खदानीपासून लांबची घरं दाखवा.” आम्ही म्हटलं, साहेब, तिकडं कुणाची तक्रार नाही. ते म्हणाले, “म्हणूनच.” हे वेल्सच्या बंदरासारखंच झालं.

गावाच्या दक्षिणेला, ओढ्याच्या पलीकडं, सगळी काळी जमीन. तिथल्या घरांनाही भेगा निघाल्या! खदान तिथून पुष्कळ लांब. साहेबांनी समजावलं. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात सुकून आवळते. शेतात भेगा पडतात त्या आपण बघतोच. घराचा पाया उथळ असला तर खालची माती वरखाली होते आणि भिंत फाटते. अशा भेगा उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसाळ्यात पुष्कळशा मिटतात. मुरमावर किंवा कठीण खडकावरच्या घराला ही अडचण फारशी येत नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक घराबाहेर पहारीनं थोडं खणून खाली काय आहे ते बघितलं. भेगेच्या आतही बघितलं. भेगेत जुना चुना उतरलेला असला, कोळ्याचं जाळं आणि धूळ बसलेली असली, तर ती जुनी. कडा ताज्या, स्वच्छ असल्या तर नवी.

मग त्यांनी भेगांवर काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या, प्रत्येकीवर तारीख आणि नंबर. भिंत हलली की काच तडकते. आमचं काम एकच. वही ठेवायची. सुरुंग कधी उडाला, किती वाजता, कुठल्या नंबरची काच तडकली, पाऊस कधी पडला. बचत गटाच्या बायकांना वही लिहायला कुणी शिकवायला नको. चार महिने लिहिली. साहेब परत आले सप्टेंबरात.

निकाल असा निघाला. तेवीसपैकी नऊ घरं काळ्या मातीवर, मे महिन्यातली भेग सप्टेंबरात जवळजवळ मिटलेली. त्या घरांबद्दल साहेबांनी लिहिलं, ही भेग मातीमुळं पडलेली दिसते, सुरुंगामुळं पडली असं मी म्हणू शकत नाही. उरलेली चौदा खदानीच्या बाजूला, मुरमावर. तिथल्या भेगा पावसाळ्यात मिटल्या नाहीत, काही वाढल्या. वहीत सुरुंगाच्या वारी काचा तडकल्याची नोंद होती. त्या चौदांबद्दल त्यांनी लिहिलं, सुरुंगाचा हादरा हेच कारण असण्याचा संभव जास्त आहे. आणि पुढं एक ओळ घातली, की हादऱ्याचं मोजमाप हा माझा विषय नाही, ते यंत्र लावून त्यातल्या जाणकारानं करावं.

ती बैठक आम्ही विसरणार नाही. ज्या नऊ जणींची नावं दाव्यातून गळणार होती त्यांच्यातल्या एक काकू उठून उभ्या राहिल्या. “वर्गणी आम्ही भरली, साहेबाला च्या-पाणी आम्ही केलं, आन् आमचंच नाव कापलं व्हय?” त्यांचा राग खोटा नव्हता. घर त्यांनी मजुरीच्या पैशातून बांधलंय. भेग कशानंही पडो, भिंत तर त्यांचीच फाटली. काहींनी सुचवलं, अहवालातलं ते पान वकिलाला देऊच नका. साहेब म्हणाले, “पान काढलंत तर माझी सही पण काढा.” मग वकिलांशी बोलून नऊ जणी दाव्यातून बाहेर झाल्या. त्यांची वर्गणी परत केली. काकू आमच्याशी अजून तुटक बोलतात. साहेबांनी त्यांना जाताना सांगितलं होतं, की पागोळ्याचं पाणी जोत्यापाशी मुरू देऊ नका, भोवतीनं उताराची फरशी करा, भिंतीला लागून मोठं झाड ठेवू नका. काकूंनी फरशी केली आहे, गटाच्या अंतर्गत कर्जातून. म्हणजे सल्ला मानला, साहेबांना मात्र माफ केलेलं नाही.

साहेबांची साक्ष झाली त्या दिवशी आम्ही सगळ्या कोर्टात मागं बसलो होतो. उलटतपासणीत खदानीच्या वकिलांनी मोठ्या आवाजात विचारलं, “म्हणजे ह्या गावात सुरुंगाशिवायही घरांना भेगा पडतात, हे खरं आहे?” साहेब म्हणाले, “हो. नऊ घरांत तशाच पडल्या आहेत. अहवालाच्या चौथ्या पानावर लिहिलं आहे.” “तुम्ही ह्या बायकांकडून फी घेतली?” “घेतली. पावती जोडली आहे.” त्यावर आणखी काय विचारणार? नऊ घरांचं पान आम्ही लपवलं असतं, तर त्याच प्रश्नावर चौदा घरंही बुडाली असती.

दुसऱ्या बाजूचेही इंजिनिअर होते. त्यांचं मत, सगळ्या भेगा काळ्या मातीच्या. आमच्या वकिलांनी विचारलं, मुरमावरची घरं आतून बघितली का? ते म्हणाले, बाहेरून बघितली. किती वेळा आलात? एकदा. ते माणूस म्हणून वाईट होते असं आम्ही म्हणत नाही. मातीबद्दल ते जे बोलले ते बरोबरच होतं, आमच्या साहेबांनीही तेच सांगितलं. पण एक खरं कारण सापडलं म्हणून सगळीकडं तेच लावायचं, हे काही बघणं नव्हे.

हादऱ्याबद्दल एक गोष्ट आपल्याला कडू लागेल, तरी सांगतो. माणसाच्या अंगाला हादरा फार लवकर कळतो. भांडी खडखडतात, लेकरू दचकतं, पण तेवढ्यानं भिंत फुटतेच असं नाही. भिंतीला इजा व्हायला त्याच्या कितीतरी पट जोर लागतो. जमीन किती वेगानं हलली ते यंत्र मोजतं, सेकंदाला किती मिलिमीटर असं. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात त्याची मर्यादा आहे. खाणीच्या मालकीची नसलेली राहती घरं असतील तर सावकाश लहरींच्या, म्हणजे सेकंदाला ८ पेक्षा कमी कंपनांच्या हादऱ्याला मर्यादा ५ मिलिमीटर, ८ ते २५ कंपनांना १० आणि त्याच्या वर १५. एका वेळी किती दारू उडवली आणि घर किती लांब आहे, ह्यावर आकडा ठरतो. आमच्या वकिलांनी कोर्टाकडं अर्ज दिला आहे, की अशी मोजणी कोर्टानं नेमलेल्या माणसाकडून व्हावी. दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी सोय आहे, आदेश २६ मध्ये. कोर्ट कमिशनर आपल्याला मोजणीच्या भांडणातून माहीत असतो, तसंच शास्त्रीय तपासासाठीही नेमता येतं. तो माणूस कुणाचाच पाहुणा नसतो. अर्जावर अजून हुकूम व्हायचा आहे. मोजणीत आकडा मर्यादेच्या आत निघाला तर काय, असं आम्हाला कुणी विचारलं तर उत्तर सोपं नाही. तेव्हा ते चौदा जणींनी ऐकावं लागेल.

तज्ज्ञानं कसं वागावं ह्याचे नियम कुणी लिहून ठेवलेत का? एक निकाल फार सांगितला जातो. इकारियन रीफर नावाचं मालवाहू जहाज १९८५ मध्ये आफ्रिकेत सिएरा लिओनच्या किनाऱ्याजवळ रुतलं आणि त्याला आग लागली. विमा कंपनी म्हणाली, मालकांनीच मुद्दाम घालवलं. खटल्यात दोन्हीकडून तज्ज्ञांचे ढीग उभे राहिले. १९९३ मध्ये न्यायाधीश क्रेसवेल ह्यांनी निकालात तज्ज्ञाची कर्तव्यं मांडली. मत स्वतःचं पाहिजे, वकिलानं वळवलेलं नको. कुठल्या गोष्टी धरून चाललो ते सांगायचं. आपल्या मताच्या उलट जाणारी गोष्ट दडवायची नाही. प्रश्न आपल्या विषयाबाहेरचा असला तर तसं म्हणायचं. माहिती अपुरी असली तर मत कच्चं आहे असं सांगायचं. आणि मागाहून मत बदललं तर समोरच्या बाजूला कळवायचं. पुढं १९९५ मध्ये वरच्या कोर्टानं त्या जहाजाचा निकाल फिरवला, विमा कंपनी जिंकली. पण तज्ज्ञांबद्दलचे नियम टिकले, आणि अजून त्यांचा दाखला देतात. आमच्या साहेबांनी हा निकाल वाचला होता की नाही कोण जाणे. वागले मात्र तसंच.

काही जणी विचारतात, मत तर मत असतं, ते खोटं कसं ठरणार? ठरतं. खोट्या साक्षीच्या कायद्यात, पूर्वी भारतीय दंड संहितेचं १९१ कलम आणि आता न्याय संहितेचं २२७, हे स्वच्छ लिहिलेलं आहे. जे आपल्याला खरं वाटत नाही ते ‘मला असं वाटतं’ म्हणून शपथेवर सांगितलं, तर तीही खोटी साक्ष. कोर्टाच्या कामात मुद्दाम दिली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उलट प्रामाणिकपणे मत दिलं आणि ते पुढं चुकीचं निघालं, तर तो गुन्हा नाही. मनातलं सिद्ध करणं अवघड, म्हणून अशी प्रकरणं सहसा उभी राहत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

तर मैत्रिणींनो, कधी गरज पडली तर इंजिनिअरला पहिल्याच भेटीत विचारा, जागेवर किती वेळा येणार? फी निकालावर आहे का? समोरच्या माणसाशी नातं, कामाचा संबंध आहे का? आमच्या विरुद्ध काही निघालं तर लिहिणार का? ह्या शेवटच्या प्रश्नाला जो “छे, तसं काही निघणारच नाही” म्हणाला, त्याच्याकडून चहा पिऊन परत या. आणि भेग दिसली त्याच दिवशी फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, म्हणजे मोजमाप कळतं. तारीख लिहा. जवळ खदान किंवा मोठं बांधकाम सुरू होणार असेल तर ते सुरू व्हायच्या आधीच घराचे फोटो काढून ठेवा, आधीच्या भेगांसकट. हो, भेगांसकट.

काचेच्या पट्ट्या काचेच्या दुकानात तुकड्यांत स्वस्त मिळतात. चिकटवायला प्लास्टर ऑफ पॅरिस चालतं, पट्टीची दोन टोकं फक्त चिकटवायची, मधला भाग भेगेवर मोकळा. वहीचा नमुना कुणाला पाहिजे असेल तर बुधवारी मासिक बैठकीला या, झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत.